पाय सैल सोड

शाळेच्या कबड्डी संघात ज्या सरांनी मला कायम राखीव म्हणून बाकावर बसवलं, तेच सर एका सकाळी भुकूममधल्या माझ्या हाडांच्या दवाखान्यात आले. सोबत एक मुलगी होती. दारातूनच त्यांनी विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, खेळायला घेतलं का तुला, का अजून बाकावरच?"

बाहेर थांबलेले पेशंट हसले. मी उठून उभी राहिले. सरांसमोर मला अजूनही बसवत नाही.

मुलगी जांबे गावची, अकरावीला, संघात डाव्या कोपऱ्यावर खेळणारी. चढाईला आलेल्या खेळाडूचा घोटा धरून तिला लोळवणं हे कोपऱ्याचं काम. घोटावड्याच्या मैदानावर एका सामन्यात पकडीसाठी गर्रकन वळताना तिच्या गुडघ्यात आतून कट्ट झालं होतं. संध्याकाळपर्यंत गुडघा फुग्यासारखा सुजला. शीर चढली म्हणून तेल लावून चोळून झालं. एका डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि स्नायू दुखावलाय, विश्रांती घे, एवढंच सांगितलं. मग सूज उतरली, दुखायचंही थांबलं.

"मग आता काय होतं?" मी तिला विचारलं.

"काय न्हाई," उत्तर सरांनी दिलं. "सरळ पळतीय की. काल माझ्या मोटारसायकलीच्या पुढं पळत होती. तू फक्त पट्टी बांध. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड हाय आणि आपल्या शाळेची एकबी पोरगी आजवर तितं गेलेली न्हाई."

"तुझं तू सांग," मी मुलीला म्हणाले.

ती खाली बघत म्हणाली, "वळलं की गुडघा माझा राहत न्हाई, मॅडम."

हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. गुडघ्याच्या आत मांडीच्या हाडाला नडगीशी बांधून ठेवणारं एक लिगामेंट असतं. ते तुटलं तरी माणूस चालतो, जिना चढतो, सरळ पळतोही. फसतो तो वळताना. ते तपासायची रीत साधी आहे. गुडघा थोडा वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी थोडी येऊन ठक्कन अडते. तुटलेलं असेल तर येतच राहते.

तिला टेबलावर झोपवून मी ओढून पाहिलं. नडगी जागची हलली नाही. परत ओढली, तेच. दुसऱ्या पायाहूनही घट्ट.

"बघ, दगड हाय दगड," सर तिच्या उशाशी उभे राहून म्हणाले.

तिचा शब्द एक सांगत होता आणि माझा हात दुसरंच. आधीच्या डॉक्टरांच्या हातालाही हेच लागलं असणार. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर वेदना नव्हती, भीतीही नव्हती. ती सरांकडे बघत होती. सामन्यात बघावं तशी.

आणि मला शाळेचं मैदान आठवलं. धूळ, चुन्याच्या रेषा आणि सरांचा घसा फोडून येणारा आवाज: "कुणी तुझा पाय धरला की आवळ! आधी आवळ, मग ओढ!" मैदानात उतरायला न मिळालेल्या मलाही ते पाठ होतं, तर रोज उतरणाऱ्या हिच्या मांडीत ते किती मुरलं असेल? मी तिचा पाय धरला होता. कुणी पाय धरला की जे करायचं, तेच ती करत होती. मांडीमागचे स्नायू नडगीला मागे खेचून धरत होते, आणि तुटलेलं असलं तरी मला ते कळू देत नव्हते.

"सर, तुम्ही बाहेर बसा."

"मी?"

"हो. बाकावर."

सर पुटपुटत बाहेर गेले, "आमचीच पोरं आमालाच बाकावर बसवायला लागली."

माझे हात लहान आणि तिची मांडी खेळाडूची. मी टेबलावर माझा गुडघा टेकवला, त्यावर तिची मांडी ठेवली आणि म्हणाले, "पाय सैल सोड."

"सोडलाय की."

सोडला नव्हता. मी पाय तसाच धरून ठेवला आणि तिला घरचं विचारलं. तिच्या घरच्यांनी शेतात खोल्या बांधून हिंजवडीत कामाला येणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या.

"कसे आहेत भाडेकरू?"

"लई येडे हायेत ओ. एकानं बादलीत हीटर लावला नि कामाला निघून गेला. बादली वितळली. आई म्हणली, ह्ये काय केलंस रं? तर म्हणतो, आंटी, लई भारी! त्याला मराठीतलं तेवढंच येतं." ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिची मांडी माझ्या गुडघ्यावर जड झाली. मी हलकेच ओढलं. नडगी पुढे आली, आणखी आली, कुठेच अडली नाही.

तिचं हसू थांबलं. "हेच, मॅडम! वळताना असंच होतंय!"

एमआरआयमध्ये तेच दिसलं. लिगामेंट पूर्ण तुटलेलं. हाडांमधली गादी कडेला थोडी उसवलेली, पण बाकी चांगली. रिपोर्ट घेऊन दोघं पुन्हा आली तेव्हा मी सरळ सांगितलं, निवडीला उतरायचं नाही.

"एक दिवसाचा तर खेळ हाय," सर म्हणाले. "घट्ट पट्टी बांधून खेळंल. मग कर तुझं ऑपरेशन."

"पट्टी कातडीवरून बांधतात, सर. आत काही बांधलं जात नाही. त्या एका दिवसात गादी फाटली तर पुढं खेळायला कोणतंच वर्ष उरणार नाही."

"माझ्यासाठी बी न्हाई?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. दहावीनंतर मला पुण्याला विज्ञान शाखेला पाठवायला अब्बा तयार नव्हते. पौडच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. तिथल्या स्टुलावर सर येऊन बसले होते. अब्बांच्या हातून अख्ख्या संघाच्या चड्ड्या कापून झाल्या तरी सर उठले नाहीत. "मास्तर, तुमी हो म्हणेस्तवर मी हलत न्हाई," ते अब्बांना म्हणाले. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं ते त्या स्टुलामुळे.

मी म्हणाले, "सर, स्टुलावर बसायला तुम्हीच शिकवलंत. मी हलत नाही."

सरांना वाईट वाटलं होतं आणि मलाही. तेवढ्यात मुलीने विचारलं, "मॅडम, ऑपरेशन केलं तर नक्की खेळंन का?"

"नक्की असं कुणीच सांगू शकत नाही. चांगली आशा आहे. पण वर्षभर रोज व्यायाम, आणि मी म्हणेपर्यंत मैदान नाही."

तिने सरांकडे पाहिलं. या वेळी सामन्यात बघावं तसं नाही. "सर, यंदा मी न्हाई," ती म्हणाली.

नव्या लिगामेंटसाठी बहुतेक वेळा मांडीमागची शीर वापरतात. पण पकड करणाऱ्या कोपऱ्याला तिथलीच ताकद हवी. म्हणून मी गुडघ्याच्या वाटीवरच्या जाड शिरेची पट्टी घेतली, हाडांत बोगदे करून ती जुन्या लिगामेंटच्या जागी बसवली आणि गादीला टाके घातले. त्या दिवशी हात धुताना मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

नंतरचं काम तिचं होतं. पाय सरळ उचलता येईना म्हणून ती रडली, चिडली, पण व्यायाम तिने चुकवला नाही. निवडीच्या दिवशी ती घरी गुडघ्यावर बर्फ ठेवून बसली होती. पुढे मैदानावर जाऊ लागली ती फक्त बघायला. कुणी तिला "ये की एक डाव" म्हटलं की सरच ओरडायचे, "तिला हात लावाल तर बघा! डॉक्टरीण मला बाकावर बसवंल!"

वर्ष सरत आलं तेव्हा दोघं शेवटच्या तपासणीला आली. उड्या, वळणं, दोन्ही पायांची ताकद, सगळं पाहून झालं. शेवटी मी तिला टेबलावर झोपवलं. सर आपणहून दाराकडे निघाले.

"थांबा, सर," ती म्हणाली. "बसा हितंच."

त्यांच्या देखत तिने पाय सैल सोडला. मी नडगी ओढली. थोडी आली आणि ठक्कन अडली. पुन्हा ओढली, पुन्हा ठक्क.

"उतर मैदानात," मी म्हणाले.

"थांबा, मॅडम. आता खरा धरा. घोटा. दोन्ही हातांनी, घट्ट."

मी धरला. कातडीखाली तिचा सगळा पाय आवळत गेलेला मला कळला आणि पुढच्याच क्षणी असा हिसका बसला की माझे हात रिकामे झाले आणि मी स्टुलासकट मागच्या कपाटावर आदळले.

सर टाळ्या वाजवत उठले. "बाद! डॉक्टरीण बाद! जा, बाकावर बस!"