त्यात असं काय होतं?

मोठ्याबाई दारू वरून प्यायच्या. म्हणजे आपण परक्याकडे पाण्याचा गिलास ओठाला न लावता वर धरतो आणि धार तोंडात सोडतो ना, तशी. मान मागे, डोळे मिटलेले, एवढासा घोट. मग पदराने तोंड पुसायचं आणि निकाल सांगायचा. गोव्याच्या हॉटेलातला वेटर ते बघून हातातला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला होता. मी म्हटलं, बघू नको बाबा, आमच्याकडे असंच पितात. खरं तर आमच्याकडे बायका पीतच नाहीत. पण त्याला कुठे समजावत बसू, माझे पाय इतके दुखत होते.

मोठ्याबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. आता त्या नाहीत. भंडाऱ्याजवळ मोहाडीला आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे भासरे, दारूत गेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यात नवीन काही नाही. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. फक्त दिवेलागणीला चप्पल घालायचे आणि निघायचे. मोठ्याबाई तलावाचे मासे रांधायच्या, भात उतरवायच्या, ताट झाकून ठेवायच्या. भासरे परत आले की म्हणायचे, "मी बाहेर खाल्लं." शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि गेले.

लोक म्हणाले, सुटली बिचारी. पण त्या काही सुटल्या नाहीत. एकदा आम्ही दोघी अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो, तेव्हा त्या एकाएकी म्हणाल्या, "लहानी, मले एकडाव पाहाचं आहे. माह्या हातच्या जेवनापेक्षा त्यात असं काय होतं?"

मी म्हटलं, "मरू द्या ना बाई आता."

"मेले ना ते. मीच राहिली."

मी म्हटलं, पाहायचंच असेल तर मोहाची दारू काय, वाटीभर कोणीही आणून देईल. त्यावर त्यांनी मान हलवली. "गावात नाही. गावात मी त्यायची बायको आहो. गाडीत बसली का मी कोनाचीच नाही."

झालं. तिथून आमचे प्रवास सुरू झाले. त्यांच्या लेकींची लग्नं होऊन गेलेली, माझी मुलं नोकरीला लागलेली, त्यात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. मला कुठेच जायचं नसायचं. गुडघे कुरकुरतात, बसमध्ये मळमळतं, लिंबू हुंगत बसावं लागतं. पण मोठ्याबाई पिशवी भरून दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चाल वो, एकटी बाई बारमध्ये कशी बसू?" मग मी लिंबू घेऊन निघायची. दुसऱ्या बायका यात्रेच्या गाडीने देवदर्शनाला जायच्या. आम्हीही त्याच गाडीने जायचो. देवाला हात जोडून झाले की आम्ही दोघी मात्र हळूच हॉटेल शोधायला निघायचो.

कारण नुसती दारूच नव्हे, बाहेरचं जेवणही त्यांना तपासायचं होतं. हॉटेलात कार्ड हातात आलं की जे नाव वाचता येणार नाही ते मागवायच्या. म्हणायच्या, "ज्याचं नाव समजते ते घरी बनते." दोन घास खायच्या आणि ताट माझ्याकडे सरकवायच्या. चाखायचं त्यांनी, संपवायचं मी. माझं पोट बिघडलं ते तेव्हापासून. नागपूरला डोळे दाखवायला गेलो तेव्हा सावजीचा रस्सा मागवला. नाकातून, डोळ्यांतून पाणी येत असतानाही त्यांचा निकाल चालूच होता. "या तिखटाखाली कोंबडी आहे का बोकड, सांग पाहू. कोनाले समजन?" पनीरच्या एका लाल भाजीबद्दल म्हणाल्या, "तेल आहे. माह्याकडं तेल कमी पडे, एवढंच."

दारूचा निकाल त्याहून कडक. बालाघाटकडे एका जत्रेत पळसाच्या द्रोणातून मोहाची घेतली. "फूल कच्चं खाल्लेलं बरं." महामार्गावरच्या धाब्यावरची रम म्हणजे जळलेल्या गुळाचं पाणी. बिअर म्हणजे मेथी उकळून थंड केलेली. गोव्याच्या फेणीला तर त्यांनी दुसरा घोट घेतला, मला वाटलं आवडली की काय. तर म्हणाल्या, "सडलेलं फळ औषधाच्या बाटलीत भरलं का नाही, ते पक्कं करून राहिली होती."

प्रत्येक वेळी शेवटचा शब्द एकच: "नाही." आणि हा 'नाही' म्हणताना, खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. परतीच्या गाडीत त्या ताठ बसायच्या. "याच्यासाठी! याच्यासाठी माहं ताट झाकलेलं राहे!" मी खिडकीला डोकं टेकून हं हं करायची. तो राग त्यांना पुढचे कित्येक महिने पुरायचा. त्या रागावर त्यांनी धानाची रोवणी केली, लेकींची बाळंतपणं काढली, घरावर नवी कवेलू चढवली. आणि कवेलू जरा काळी पडली की पुन्हा पिशवी घेऊन दारात हजर.

शेवटचा प्रवास नाशिकचा. माझा सचिन तिथे कंपनीत आहे. मोठ्याबाईंनी त्याला सरळ विचारलं, "इथं द्राक्षाची दारू बनते म्हनतात. पाहाले मिळन का?" तो लाजला, पण घेऊन गेला. द्राक्षाच्या मळ्याच्या मधोमध काचेची इमारत, आत थंडगार हवा, लांबलचक टेबलावर उंच पायांचे ग्लास. कोट घातलेला एक मिशीवाला माणूस समजावून सांगत होता, की आधी ग्लास फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग घोट.

मोठ्याबाई म्हणाल्या, "दूध नासलं का पाहाले वास घेतात, भाऊ. चांगल्या वस्तूचा वास आपनच येते."

आणि त्यांनी ग्लास वर धरला. धार थोडी हनुवटीवर सांडली. बाजूची जोडपी बघायला लागली. सचिन कानाशी म्हणाला, "मोठी आई, इथे ग्लासला तोंड लावून पितात."

"तोंड लावून पेनारे पाहिले मी."

पहिली पांढरी. "चिंचेचं पाणी." दुसरी लाल. "जांभळाच्या बिया चावल्यासारखी." पण जांभळाच्या बियांचा ग्लास त्यांनी पूर्ण संपवला होता. तिसरी जरा गोड, जेवणानंतर घेतात म्हणे. तिचा घोट घेतला आणि त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. मी वाट बघत राहिले. मिशीवालाही थांबला. मग त्यांनी रिकामा ग्लास पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अजून थोडी द्या."

बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या. दुपारचं ऊन मळ्यावर नुसतं पसरलेलं. सचिन गाडी आणायला गेला होता. मग म्हणाल्या, "चांगली होती वो, लहानी."

"मग चांगलंच झालं की."

"कोवळं ऊन अंगावर पडते ना, तसं पोटात वाटलं. घडीभर मले काहीच आठवलं नाही. ना घर, ना लेकी, ना ते ताट." त्यांनी मळ्याकडे पाहिलं. "रोज हेच वाटत असन का त्यायले?"

"असेल."

"मंग मी कोनावर रागावू आता?"

मी त्यांच्या पदराने त्यांची हनुवटी पुसली.

परतताना भंडारा रोड स्टेशनपर्यंत त्या रेल्वेत एकदाही "याच्यासाठी!" म्हणाल्या नाहीत. ताठ बसल्याही नाहीत. माझ्या खांद्यावर डोकं टाकून होत्या, आणि त्यांचं वजन केवढं झालंय हे मला तेव्हा कळलं. घरी आलो, कुलूप काढलं, त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यात बसून रडायला लागल्या. मोठमोठ्याने, हातपाय गाळून. भासरे गेले तेव्हा या बाईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. लोकांनी नावं ठेवली होती तेव्हा.

आवाज ऐकून समोरची शेवंताबाई पिठाच्या हातानेच धावत आली. तिने मला बाजूला ओढलं. "कोन गेलं वो बाई?"

काय सांगणार? प्रवासाने माझा जीव मेटाकुटीला आला होता, खोटं रचायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "भासरे गेले."

शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याबाईंकडे पाहिलं. डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकली, मयताच्या घरी बसतात तशी. जाताना मला म्हणाली, "आज चूल नोको पेटवू. कडू घास मी आनतो."

मयताच्या दिवशी शेजारचे लोक घरच्यांसाठी जेवण आणतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तिने पिठलं-भात आणला. मोठ्याबाईंनी तोंड धुतलं, पानावर बसल्या, आणि आम्ही तिघी जेवलो.