पातेली पालथी करणारी बाई

बर्नरबाई कुणाच्याही घरी गेली की चहा होईपर्यंत मांडणीवरची पातेली एकेक करून पालथी करायची. बूड बघायची, त्यावरून बोट फिरवायची आणि पातेलं परत जागेवर ठेवायची. नव्या सुनांना वाटायचं, घासणं तपासते आहे. मलाही वाटलं होतं. लग्न होऊन उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आले त्याच आठवड्यात तिने माझं दुधाचं पातेलं उलटं केलं आणि विचारलं, "दूध ठेवून कपडे वाळत घालायला जातेस ना गं?"

जात होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅसच्या शेगड्या जोडायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. बाकीच्या बायका स्क्रू पिळायच्या. बर्नरबाईचं काम एकच, प्रत्येक बर्नर पेटवून ज्योत बघायची. पिवळी दिसली की शेगडी परत. त्यामुळे गल्लीत कुणाला नवी शेगडी घ्यायची असली की हिला दुकानात सोबत न्यायचं, हे ठरलेलं. पण दुकानाआधी ती त्या घरी जाऊन भांडी बघायची. "माणूस सांगतो ते सोड. बूड काय सांगतं ते बघ," म्हणायची. रोज वीस भाकऱ्या भाजणारीला एक शेगडी, दिवसभर चहाच करणारीला दुसरी. चकाकीबद्दल अवाक्षर नाही.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी आनंदनगरच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत होते. माल मोजून घ्यायचा, नमुना बघून घ्यायचा, एवढं मला कळत होतं. पातेल्याच्या बुडाला काय विचारायचं?

मग आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. नव्या ओट्यावर जुनी शेगडी न्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. मला तीन बर्नरची हवी होती. सकाळी दोन डबे, नाश्ता, सगळं एका वेळी उरकलं असतं. सासूबाई म्हणत होत्या, "आहे तीच चालेल की. तिची सवय आहे मला." स्वयंपाक त्यांचाच होता. मी फक्त पोळ्या लाटून सातला बाहेर पडायची.

बर्नरबाई आली. तीन पातेली काढून तिने जमिनीवर ओळीने पालथी मांडली. बराच वेळ बघत बसली, पण नेहमीसारखी काही बोलली नाही. चहा पिऊन निघाली तेव्हा मला दाराबाहेर बोलावलं.

"तुझ्या सासूला दिसत नाही."

"काहीतरीच बाई. कालच तांदूळ निवडलेत त्यांनी."

"बोटांनी निवडते ती. बघितलंस कधी नीट?" मग म्हणाली, "आचेचा डाग मधोमध पाहिजे. तिन्ही पातेल्यांना एका कडेला आहे. एकाची दांडी जळलीये. ज्योत दिसत नाही तिला, भांडं अंदाजाने ठेवते."

मला आधी लाज वाटली, मग राग आला. कंपनीतल्या बेअरिंगवरचा ओरखडा मला दिसायचा आणि घरात हे! "पदर पेटला असता एखाद्या दिवशी! उद्यापासून मीच करते सगळं. आणि रविवारी डॉक्टर."

"कर," ती म्हणाली. "तिच्याकडून ओटा काढून घे, म्हणजे डॉक्टरकडे ती येणारच नाही. कशाला येईल? ओटा सुटू नये म्हणूनच लपवलंय ना तिने? आधी शेगडी घे. तुमच्यासाठी घेतली म्हण. डॉक्टर नंतर."

दुकानात सेठने तीन बर्नरची चकचकीत शेगडी पुढे केली. बर्नरबाई तिच्यापुढे डोळे मिटून उभी राहिली आणि हाताने बटणं चाचपू लागली.

सेठ हसायला लागला. "अरे बाई, आँख बंद करके कौन खाना बनाता है?"

"सेठ, तुम बेचो. देखने का काम मेरा."

अशा पाच शेगड्या तिने डोळे मिटून बघितल्या. घेतली ती दोनच बर्नरची, बोजड, दिसायला सामान्य. दोन बर्नरच्या मध्ये हातभर अंतर. भांड्याच्या स्टँडचे दांडे टोकाशी वर वळलेले. पातेलं सरकलं तर त्यांना टेकून थांबायचं. आणि बंद करताना बटण 'कट्' असं मोठ्याने वाजायचं. मी तीन बर्नर विसरले.

बदलापूरला सासूबाईंनी पहिले आठ दिवस त्या शेगडीला नावं ठेवली. मग ठेवायच्या थांबल्या. पातेल्यांच्या बुडावर माझी नजर होतीच. डाग हळूहळू मध्ये सरकत होता. महिन्याभराने एक दिवस पोळ्या लाटताना त्या आपणहून म्हणाल्या, "रविवारी मोकळी असलीस तर डोळे दाखवून येऊ का गं?" मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत.

पुढे कारखाना बंद पडला आणि बर्नरबाई मुलाकडे नाशिकला निघाली. निरोप घ्यायला बदलापूरला आली. मी आधण ठेवलं. मांडणीकडे ती वळायच्या आतच सासूबाई उठल्या, दुधाचं पातेलं काढलं आणि स्वतःच पालथं करून तिच्या हातात दिलं.

"बघा बाई. आलंय ना मध्ये?"

मी बर्नरबाईकडे बघितलं. तिने मान हलवली, 'मी नाही सांगितलं' अशी. सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी सांगायला कशाला पाहिजे? तिन्ही पातेली मांडून तुम्ही गप्प बसलात, तेव्हाच कळलं. तुम्ही आणि गप्प!"

दोघी इतक्या हसल्या की चहा उतू गेला. शेगडीपाशी मीच उभी होते.

आता दोघीही नाहीत. शेगडी अजून आहे. तिचे बर्नर मी दोनदा बदलले. कुणाच्या घरी गेले की माझा हात मांडणीकडे जातो, लोकांना आवडत नाही. गेल्या आठवड्यात घरचंच चहाचं पातेलं घासताना उलटं केलं. डाग एका कडेला होता.

ते मी बाजूला ठेवलं आणि दुसरं उलटं केलं. मग हात पुसले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.