चाचांच्या फाइलमधला एक्सरे

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आली की मी आजही हसते. पण गेल्या वर्षी वारज्याला जे झालं, त्यावर मला हसता येत नाही...

मी डेंटिस्ट आहे. आठवड्यातून दोन दिवस आमच्या संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात असते. म्हणजे एक मोठी व्हॅन. आत खुर्ची, छोटं एक्सरे मशीन आणि लॅपटॉप. ज्यांना दवाखान्यात जायला सुट्टी मिळत नाही, त्यांच्या वस्तीत आम्ही जातो. मदतीला रेखाताई असतात.

त्या दिवशी सकाळी एक चाचा आले. बुधवार पेठेत बुकबाइंडिंगचं काम केलेले, आता मुलाकडे वारज्यात राहणारे. खालच्या जबड्यात एकही दात नाही, पण कवळीखाली उजवीकडे दुखत होतं. मुळाचा तुकडा राहिला असणार म्हणून एक्सरे काढला. स्क्रीनवर चित्र आलं, आणि त्यात चक्क दाढा होत्या! एक हाडात आडवी झोपलेली, तिच्याभोवती मोठी काळी गोल सावली... म्हणजे गाठ. पुढच्या दाढेचा कोपरा उडालेला, मूळ गळासारखं वाकलेलं.

चाचा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बेटी, माझे दात जाऊन दहा वर्षं झाली. हे कुणाचे आणलेस?"

सॉफ्टवेअर गंडलं असेल म्हणून बंद करून परत काढला. या वेळी बरोबर आला. रिकामं हाड, त्यात मुळाचा तुकडा. पहिल्या एक्सरेवर वेळ होती अकरा वीस. मी आधी कुणाचाही एक्सरे काढलेला नव्हता – चाचा त्या दिवसाचे पहिलेच पेशंट. विषय तिथेच सोडला.

दोनच्या सुमाराला सविता आली. पंचविशीची, जवळच्या सोसायटीत पोळ्यांची कामं करणारी.

"मॅडम, दाताचं टोक जिभेला लागतंय. तेवढं घासून द्या, मला लगेच जायचंय."

पाच मिनिटांचं काम. पण तोंडात बघितलं आणि माझा हात थांबला. उजवीकडची खालची दाढ... तोच कोपरा उडालेला. मागे अक्कलदाढेची जागा रिकामी.

"हे कधी झालं?"

"आज जेवताना. साडेबारा वाजले असतील. भातात खडा लागला."

"दुखतंय? सूज वगैरे?"

"नाही हो, काहीच नाही."

"आधी कधी एक्सरे काढलाय दातांचा?"

"दातांच्या डॉक्टरकडेच पहिल्यांदा आलेय."

मी एक्सरे काढला. चाचांच्या फाइलमधला तो पहिला उघडून शेजारी लावला. आडवी दाढ, काळी सावली, गळासारखं मूळ, उडालेला कोपरा... सगळं तेच. अकरा वीसच्या एक्सरेत साडेबाराला उडणारा तुकडा आधीच गायब होता!

"डॉक्टर, हे काय आहे?" रेखाताई पुटपुटल्या. मी दोन्ही एक्सरे सेव्ह केले आणि मग टोक घासून दिलं.

सविताला घाबरवलं नाही. गाठ आहे एवढंच सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर स्वतः मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ उरलं होतं, नुसतं चावतानाही जबडा मोडला असता. गाठ साधी निघाली. सविता आता ठणठणीत आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांना मी दोन्ही फाइल्स पाठवल्या. फाइल खरी आहे, वेळही खरी आहे, असं त्यांचं उत्तर आलं. पुढे काही नाही.

टाके काढायला आली तेव्हा सविताने विचारलं, "मॅडम, मला तर काहीच होत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"अनुभवाने कळतं," मी म्हणाले. तिला ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.