तटातला कोरीव दगड

गोधड्या शिवणाऱ्या आमच्या गटाची एक दिवसाची सहल रेवदंड्याला गेली होती. किल्ल्याच्या पडक्या तटापाशी सगळ्याजणी फोटो काढत होत्या आणि शांतामावशी एका दगडावरून बोट फिरवत उभी होती. आजूबाजूचे दगड ओबडधोबड होते. या एकावर मात्र वेलबुट्टी होती, तीही आडवी.

"कुणाच्या तरी दाराची चौकट असणार," ती म्हणाली. "ठिगळ कसं लावलंय बघ."

माझं डोकं तापलं. कुणाचं तरी दार मोडून किल्ला बांधायचा आणि त्याला पराक्रम म्हणायचं! "त्या घरच्यांना कुणी विचारलं असेल का?" मी म्हटलं.

"झाली हिची सभा सुरू!" मागून कुणीतरी हसलं.

मावशी हसली नाही. तिच्या आईचं लुगडं कित्येक वर्षं ट्रंकेत आहे. गोधडीसाठी ती ते कापायला घेते आणि पुन्हा घडी घालून ठेवते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मी त्या वेलीकडे बघत राहिले. फाडल्याशिवाय गोधडी होत नाही. मोडल्याशिवाय हा तटही झाला नसता. मग दोन्हींत फरक नेमका कुठे पडतो?

तेवढ्यात मावशीने धाकट्या बहिणीला फोन लावला. वाऱ्यामुळे तिला ओरडावं लागत होतं. "अगं, आईचं लुगडं कापू का? तुझंही आहे ते, म्हणून विचारते."

दुसरा कान तळहाताने झाकून ती ऐकत राहिली.

"रड गं, रड," मग ती म्हणाली आणि त्या दगडाला टेकून उभी राहिली. "मला घाई नाही."