दानाची मोटार

माणूस जाताना बरोबर काही नेत नाही, असे पुराणिकांपासून विमा एजंटांपर्यंत सगळे गंभीर चेहऱ्याने सांगतात. नांदगावचा एक आडत व्यापारी मात्र जाताना मोटार घेऊन गेला. चार चाके, कापडी टप, पितळी भोंगा आणि त्याच्या मागे दाबायचा रबरी फुगा, अशी ती सबंध मोटार होती. परलोकात ती तो वापरत होता आणि नाशकात मी.

झाले होते असे. या व्यापाऱ्याचा मुलगा बापाचे दिवस करायला नाशकाला आला तो बापाच्याच मोटारीतून आला. दहाव्या दिवसापासूनचे सगळे विधी पंचवटीतल्या त्यांच्या तीर्थोपाध्यायांनी केले. या गुरुजींची आणि माझी चांगली ओळख होती. त्यांच्या घराच्या भिंतीचा एक दावा मी कोर्टात चालवला होता आणि हरलो होतो. तरी ते माझ्याशी बोलत, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

गेलेल्या माणसाला वाटेत लागेल ते सगळे गुरुजींना द्यायचे आणि गुरुजींनी ते वापरले की त्याला पोचते, असा हा व्यवहार. त्यात पलंग येतो, छत्री येते, वहाणा येतात; या खेपेला मोटार आली. पलंगाचे एक बरे असते. गुरुजी तो दुकानात विकतात, पुढचा यजमान तो दुकानातून विकत घेतो आणि पलंग संध्याकाळी पुन्हा गुरुजींच्या ओटीवर येतो. एकच शिसवी पलंग मी त्यांच्याकडे इतक्यांदा दान आलेला पाहिला होता, की त्याच्यावर नाशकातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी परलोकी झोपत असावीत. पण मोटारीचे तसे नव्हते. मोटार देणारा यजमान पुन्हा केव्हा मिळणार? आणि मोटार तर गुरुजींच्या बोळात शिरतही नव्हती. ती बोळाच्या तोंडाशी उभी होती. गाई तिला अंग घाशीत होत्या आणि आळीतली पोरे भोंगा वाजवून पळत होती.

गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, एक रथ आहे. घेता का?"

"संकल्पात काय म्हणालात हो?"

"रथच म्हणालो. स्वयंचलित घातलं मध्ये. ऋषींनी पाहिली असती तर हेच म्हणाले असते." मग आवाज उतरवून म्हणाले, "दुसरं कोणी घेत नाही. मेलेल्याची गाडी म्हणतात. तुम्ही असलं काही मानत नाही, म्हणून आलो."

मी त्या काळी नास्तिक होतो. म्हणजे आमच्याकडे देवपूजा पत्नी करी. पण नास्तिकपणाचा मला आयुष्यात झालेला रोकड फायदा हा एवढाच. ज्या गाडीला गावात गिऱ्हाईक नव्हते ती मला बऱ्यापैकी बैलजोडीच्या भावात मिळाली.

पत्नी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, ही त्या गेलेल्यांची ना?"

"आता आपली."

"विकत घेतली की आपली होते होय? आणि ते मागे बसलेले असले तर?"

"तर त्यांना गंगापूर रोड फुकट बघायला मिळेल."

ती हसली नाही. त्या गाडीत ती मागच्या बाकावर कधीही बसली नाही. पुढे माझ्याशेजारी, मांडीवर पिशवी घेऊन, मागे न बघता बसे.

गाडी फार म्हातारी होती. हँडल मारायला खाली वाकले की ती आधी थोडी खोकायची, मग उलटा झटका देऊन माझ्या मनगटाची परीक्षा घ्यायची आणि मग आपल्याला वाटेल तेव्हा सुरू व्हायची. चढावर तिच्यातले पाणी उकळे, उतारावर ब्रेक विचार करून लागत. तरी सकाळी कोर्टापूर्वी गंगापूर रस्त्याने तिच्यातून निघालो, की मला आपण कोणी तरी आहोत असे वाटे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा होत्या, समोर धुळीचा रस्ता मोकळा असे, आणि बैलगाडीवाले बैलांच्या डोळ्यांवर हात धरून मला वाट देत. इतरांच्या मोटारी पाहून मी ज्या मोठेपणाची टिंगल करीत आलो होतो, तो मोठेपणा जुन्या मोटारीतही तेवढाच मिळतो. हा शोध मी कोणाला सांगितला नाही.

वर्ष भरत आले तेव्हा गुरुजी पुन्हा आले. या वेळी ते बसले नाहीत.

"वर्षश्राद्धाला नांदगावची मंडळी येताहेत. मुलगा येतोय, त्याचं काही नाही. पण आईही येतेय. तिला गाडी बघायची आहे."

"मग दाखवा. मी आणून उभी करतो."

"नुसती नाही. मी बसलेला दिसायला हवा." गुरुजी उपरण्याचे टोक पिळू लागले. "मोटार द्यायची हे तिनंच ठरवलं होतं हो. मुलाला काय, जुनी गाडी गेली तर बरीच होती. पण नवऱ्याचा उजवा गुडघा शेवटी शेवटी वाकतच नव्हता. चार पावलं टाकायची तर भिंत धरायची. संकल्पाच्या वेळी मला तिनं एकच विचारलं. म्हणाली, गुरुजी, तुम्ही बसला तरच त्यांना बसायला मिळणार ना? नाही तर ते चालत कसे जातील? मी म्हणालो, रोज बसेन."

"आणि किती वेळा बसलात?"

"मला गाडी लागते," गुरुजी म्हणाले.

त्या बाईचा प्रश्न ऐकला आणि गंगापूर रोड फुकट बघण्याचा माझा विनोद मला आठवला. आता तो तितकासा चांगला वाटेना.

ठरल्या दिवशी मी पागोटे घरी ठेवले, बागेत घालायचा खाकी कोट घातला आणि ड्रायव्हर झालो. गुरुजी मागे बसले. ते इतके ताठ बसले होते, की एखाद्या मिरवणुकीतल्या मूर्तीला आपण उगाच हलवतो आहोत असे मला वाटले. रामकुंडाच्या वरच्या बाजूला, गाडी जाते तिथवर नेऊन मी उभी केली.

श्राद्ध आटोपून ती मंडळी वर आली. मुलगा घड्याळ बघत होता. आई डोक्यावरून पदर घेऊन गाडीपाशी आली आणि गुरुजींना नमस्कार करण्याआधी तिने मडगार्डवर हात फिरवला.

"ह्यो वरखडा बैलगाडीचा. मालकांनीच केला व्हता. आन् ह्यो?"

दुसरा माझा होता. "तो जुनाच आहे," मी म्हणालो.

"नाय, ह्यो नवा हाय. आसू द्या, गाडी चालती म्हंजी वरखडं पडायचंच." तिला त्याचा आनंदच झालेला दिसला. मग ती माझ्याकडे वळली. "डायवर दादा, गुरुजी रोज बसत्यात ना?"

गुरुजी नदीकडे बघत होते. त्या दिवशी नदीत बघण्यासारखे काही नव्हते.

कोर्टात मी खोटे बोलत नाही, पक्षकाराला बोलू देतो. इथे पक्षकार गप्प होता. मी म्हणालो, "रोज."

"कुठवर जाता?"

"गंगापूर रस्त्यानं. पेरूच्या बागांपर्यंत."

"म्हंजी मोकळी हवा भेटती." तिने डोळ्यांना पदर लावला नाही, मोठा श्वास मात्र सोडला. "नांदगावात लय धूळ. त्यांना खोकला यायचा." मग तिने पिशवीतून एक लहानशी गोल उशी काढली. जुन्या लुगड्याच्या कापडाची, कापसाने गच्च भरलेली. ती तिने गुरुजींना दिली नाही, माझ्या हातात दिली. "डाव्या अंगाला बसवत जा त्यांना. आन् उजव्या गुडघ्याखाली ही ठेवा. तेवढं बघा, दादा. गुरुजींच्या ध्येनात ऱ्हायचं नाय."

मुलगा म्हणाला, "आई, बस ना जरा. एक चक्कर मारून आणतील."

"आरं, दान दिलंय ना? आता आपन बसायचं नाय त्यात."

गाडी सुरू करायला मला तीनदा हँडल मारावे लागले. आम्ही पुलाकडे वळलो तोवर ती बाई तिथेच उभी होती. गुरुजींनी उशी गुडघ्याखाली घेतली होती. उजव्या की डाव्या, ते त्यांनाही आठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गुरुजींच्या बोळाच्या तोंडाशी गेलो आणि भोंगा वाजवला. पोरांनी वाजवला असेल म्हणून ते आधी ओरडत बाहेर आले.

"चला, गुरुजी."

"कुठे? ती मंडळी गेली की कालच."

"रोज असं म्हणालो मी."

"पण तुम्ही कुठे हे मानता?"

"मी नाही मानत. तुम्ही मानता. तुम्ही बसा."

ते बसले. बागांपर्यंत जाताना त्यांनी एकदा गाडी थांबवायला लावली आणि उतरून पेरूच्या झाडाला टेकून उलटी केली. येताना दुसऱ्यांदा केली. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, आणि पुढेही जात राहिलो. गुरुजी हातात लिंबू धरून बसत आणि अधूनमधून ते हुंगत. मागच्या डाव्या कोपऱ्यात गुरुजी, गुडघ्याखाली उशी, पुढे खाकी कोटातला मी, अशी आमची मिरवणूक रोज सकाळी निघे. लोक समजत, की वकील भाविक झाला. कोर्टात एक सहकारी म्हणाला, "काय हो, आता अपील थेट वरच्या कोर्टात का?" जे मी मानत नव्हतो ते मी न चुकता रोज करीत होतो, आणि जे लोक ते मानत होते त्यांना त्याने उलट्या होत होत्या. यात देवाचा काही हात असलाच तर त्याला विनोदबुद्धी बरी असावी.

एकदा लिंबामागून गुरुजी म्हणाले, "वकीलसाहेब, मी आजवर इतकी दानं घेतली. वापरायची पाळी पहिल्यांदाच आली."

"कसं वाटतं?"

"पलंग बरा."

त्या पुढच्या पाडव्याला गाडीचा मागचा आस तुटला. मोटारीच्या मिस्त्रीने आत डोके घालून पाहिले आणि असला आस आता विलायतेतही मिळणार नाही असे सांगितले. बैल लावून गाडी माझ्या अंगणात आणली आणि ताडपत्रीखाली ठेवली. गुरुजींनी घरी सत्यनारायण केला. निमित्त त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. मला मात्र सकाळी चहा पिताना चैन पडेना. गंगापूर रस्त्यावर पेरूच्या बागेपाशी मी एका लंगड्या माणसाला उतरवून दिले आहे आणि त्याला घ्यायला परत गेलेलो नाही, असे वाटत राही. ताडपत्रीत मांजर शिरून त्या उशीवर व्यायले, तर पत्नीने पिल्ले एकेक करून उचलली आणि कोठीत नेऊन ठेवली. "तिथे नको," एवढेच म्हणाली.

नांदगावची बाई त्या वर्षीही श्राद्धाला आली. मी खाकी कोट घालून, गाडीशिवाय, चालत रामकुंडावर गेलो. सगळे खरे सांगायचे असे ठरवून गेलो होतो. तिने माझ्या मागे गाडी शोधली.

"आई, गाडी बंद पडली. मागचा आस तुटला. पाडव्यापासून गुरुजी बसलेले नाहीत."

गाडी माझी आहे, हे पुढचे वाक्य होते. ते तोंडातून निघण्याआधीच ती म्हणाली, "तरीच! येवढं दीस नीट चालली कशी, ह्येचंच मला नवल वाटत व्हतं. घरी आसताना आठवड्यातून दोनदा बंद पडायची."

"मग मालक काय करायचे?"

"उतरायचे नाय. आतच बसून ऱ्हायचे, आन् गडी म्होरं बैल जुंपायचा. गावभर पोरं हसायची, तर म्हनायचे, हसू द्या, गाडी माझी हाय." ती हसली आणि मग एकदम थांबली. "आता तिथं बैल कोन जुंपनार? गाडी दिली आन् बैल नाय दिलं. माझीच चूक झाली, दादा."

चूक कोणाची, हे सांगायला मी तोंड उघडले. पण तिने ती इतक्या विश्वासाने स्वतःकडे घेतली होती, की माझी पुढे करायला मला जागाच दिसेना. मी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी नदीकडे पाहत होते.

"बैल देता येतात," ते नदीला म्हणाले. "शास्त्राला मान्य आहे."

पुढच्या आठवड्यात एक गडी नांदगावाहून बैलजोडी हाकत घेऊन आला. शिंगे रंगवलेली होती, गळ्यात नव्या घंटा होत्या. गुरुजींच्या बोळात बैल सहज शिरले.

गुरुजींनी मला घेता का म्हणून विचारले, मी नको म्हणालो. मग त्यांनी ते बाजारात विकले. बैल तरणे होते, त्यांना गाडीपेक्षा चांगला भाव आला.