शमीमखालांचं मी ऐकलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आईजवळ नाही, ज्या भावाने पुण्याहून आवाज अडवणारे हेडफोन आणून दिले त्याच्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही — म्हणून असेल.

मला आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, वरातीतला डीजे — सगळं अंगावर येतं, डोक्यात घण बसतात, कधी कधी ओकारी होते. लहानपणी याला नखरे म्हणत. तिशी उलटल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं — ऑटिझम, स्वमग्नता. नावाने आवाज काही कमी झाला नाही. तो हेडफोनने झाला. पहिल्या दिवशी ते कानांवर चढवून मेहकरच्या बाजारातून चालत आले आणि घरी येऊन रडले, इतकं बरं वाटलं.

आमचं फॉल-पिकोचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. पिकोच्या मशीनवर मी, आणि हाताने फॉल लावायला शेजारच्या शमीमखाला. त्यांनी हेडफोनची कधी थट्टा केली नाही. एखादं गिऱ्हाईक हसलं तर त्याच डोळे वटारायच्या. एकदा त्यांनी विचारलं, हे लावल्यावर तुले काय ऐकू येते? मी म्हणाले, काहीच नाही.

खोटं होतं ते. हे हेडफोन मशीनच्या मोटारीची एकसुरी घरघर गिळतात, माणसाचा आवाज नाही. उलट घरघर गेली की जवळचं बोलणं जास्तच स्वच्छ येतं. पण "काहीच नाही" म्हटलं की कुणी बोलायला लावत नाही, उत्तरं शोधावी लागत नाहीत. मला तेवढंच हवं होतं — निदान तेव्हा तसं वाटलं.

मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की खाला बोलायला लागल्या. माझ्याकडे बघून, पण स्वतःशी बोलावं तशा. गेलेल्या नवऱ्याबद्दल, खामगावला दिलेल्या मुलीबद्दल, रिकाम्या घराबद्दल. "तुले ऐकू येत नाही म्हणून सांगून राह्यली," असंही वर म्हणायच्या. मी मान खाली घालून साडीची कड फिरवत राहायची आणि शब्दन्शब्द ऐकायची. मला मैत्रीण कधी नव्हतीच. अख्ख्या मेहकरात एक बाई माझ्याशी मनातलं बोलत होती, आणि तीही मला ऐकू येत नाही म्हणून. हसू नका. मी सकाळपासून त्या दुपारची वाट बघायची.

अशी दोन वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "बेटा, छातीत गाठ लागून राह्यली. सुपारीएवढी. दुखत त नाही. पोरीले सातवा महिना चालू हाय, तिले काऊन घोर लावू?"

माझा पाय पेडलवरून उचलला गेला. मशीन थांबलं. त्या चपापल्या, माझ्याकडे बघू लागल्या. हीच वेळ होती — हेडफोन काढून म्हणायचं, खाला, उद्याच दवाखान्यात जाऊ, मी येते. न दुखणारी गाठही लगेच दाखवायची असते, हे मी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेलं होतं. मला माहीत होतं हो. आणि मी काय केलं? दोरा तुटल्याचं सोंग केलं, सुईत तो परत ओवला, आणि पाय दाबला. त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं.

कसली भीती होती? दवाखान्यातल्या गोंगाटाची, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण हेडफोन होतेच की. मी चोरून ऐकत होते हे त्यांना कळलं असतं, आणि त्या बोलायच्या बंद झाल्या असत्या — भीती ही होती. मी त्यांच्या जिवापेक्षा माझ्या दुपारी जपल्या.

गाठीबद्दल त्या नंतर आणखी दोनदा बोलल्या. दुसऱ्यांदा गाठ लिंबाएवढी झाली होती. मधे नातू झाला, पेढे आले. खालांना डाव्या हाताने साडी धरवेना. मी एकदाही मशीन थांबू दिलं नाही.

दिवाळीनंतर त्यांना अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. होळीच्या आधीच त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी बाळाला कडेवर घेऊन दुकानात आली, आईची कात्री आणि चष्मा न्यायला. दोन्ही वस्तू पिशवीत टाकल्या. मग म्हणाली, "ताई, अम्मी दिवसभर तुमच्यापाशी बसे. दुखण्याचं तुमच्यापाशी कधी काही बोलली का वो?"

मी म्हणाले, "माझ्या कानांवर हेडफोन असायचे."

"हाव, अम्मी सांगे," ती म्हणाली. आणि जाताना माझ्याच पाठीवरून हात फिरवून गेली.