ओकबुनचे तीन दिवस

जोल्ला प्रांताच्या डोंगरातल्या एका छोट्या चर्चमध्ये दिवस वाहायची रीत होती. भाताची कापणी आटोपली की प्रत्येकाने चिठ्ठीवर दिवस लिहून द्यायचे आणि तेवढे दिवस शेजारच्या गावात घरोघर जाऊन सुवार्ता सांगायची. ओकबुन दरवर्षी तीन दिवस लिही. बोलायचं काम मात्र तिच्या मैत्रिणीचं, बोंगसूनचं. ओकबुन मागे पिशवी धरून उभी. परक्या माणसापुढे तोंड उघडायचं म्हटलं की ती आणखी एक पाऊल मागे सरके.

यंदा बोंगसूनचा गुडघा धरला.

"एकटी गेलीस तर कुणी खाणार आहे का तुला?" ती म्हणाली.

"खाल्लं तर बरंच. बोलायला तरी नको."

खिंडीपलीकडे पहिलंच घर म्हाताऱ्या प्योचं. चर्चची माणसं दिसली की तो खराटा उचलतो, हे पंचक्रोशीला ठाऊक. ओकबुन फाटकाशी घुटमळली. अंगणात कोबीचा ढीग पडला होता, प्योची बायको कंबर धरून अंथरुणाला खिळली होती, आणि प्यो हातातल्या मुळ्याकडे शत्रूसारखा बघत होता. थंडी तर तोंडावर आलेली. आता किमची, म्हणजे हिवाळ्यासाठीचं कोबी-मुळ्याचं लोणचं, घातली नाही, तर थंडीभर दोघं खाणार काय? ओकबुनने बाह्या सरसावल्या.

पहिला दिवस कोबी मिठात मुरवण्यात गेला, दुसरा मसाला भरण्यात, तिसरा भरलेले रांजण जमिनीत पुरण्यात.

"बाई, तुम्हाला धाडलं कुणी?" शेवटी प्योने विचारलं.

"चर्चने."

"किमची घालायला?"

"नाही, बोलायला. पण मला बोलता येत नाही."

"मग ठीक. बोलणारे पुष्कळ येऊन गेले."

रविवारी चर्चमध्ये जो तो उठून आपण किती घरं केली ते सांगत होता. प्रभूचे दिवस आपण कोबीत घालवले, हे ओकबुनच्या मनाला खात होतं. पण लपवणार कसं?

"घर एकच केलं," ती पायांकडे बघत म्हणाली. "प्रभूचं नावसुद्धा काढलं नाही. कोबी मात्र सत्तर झाले. दिवस वाया गेले असतील तर पुन्हा देते."

मंडळी हसली. बोंगसून सगळ्यांत मोठ्याने.

"प्योआजोबांनी खराटा नाही उचलला?" पाळकांनी विचारलं.

"उचलला की. अंगण झाडायला."

आता पाळकही हसले. "द्याच पुन्हा, ओकबुनमावशी. पण त्याच घरी जा. आपल्याला पाठवलंय ते माणसांपर्यंत पोचायला. तुम्ही पोचलात."

"बोलावं लागेल?"

"त्यांनी विचारलं तर."

विचारल्याचं उत्तर देणं तिला जमत होतं. तिने चिठ्ठी मागून घेतली आणि या खेपेला पाच दिवस लिहिले.